पोर्ट मोकळा ठेवावा

मिरजगाव
९ मार्च २०२५

चि. भीमराज,

दाजीचा जय भीम. परवा तुला फोन केला तर तू 'हॅलो' म्हणालास आणि पुढं नुसता श्वास ऐकू आला. मग फोन तुझ्या आईनं घेतला आणि प्रवरेच्या पाटाला पाणी कधी सुटलं, कधी बंद झालं, हे सगळं मला सांगून टाकलं. माझं काम राहिलं ते राहिलंच. तुझी आक्का म्हणाली, "त्याला पत्र लिहा, कागदावर तो भडाभडा बोलतो." म्हणून दहावीनंतर पहिल्यांदा पेन हातात धरलंय. अक्षराला हसलास तर बघ.

काम असं आहे. यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं आपली पिकअप राहणार. गेल्या वर्षी ठरवलेला साउंडवाला ऐन वेळी दुसऱ्याच गावाला पळाला आणि आम्ही टाळ्या वाजवत विहारापासून चौकापर्यंत गेलो. या वेळी मी भर बैठकीत उठून सांगितलं, "माझा मेव्हणा बेलापूरला बॉक्स बनवतो. पार श्रीरामपूरची पोरं त्याच्या दारात गाड्या लावून बसत्यात. साउंड माझ्याकडं लागला." टाळ्या पडल्या. आता त्या टाळ्यांची लाज तुझ्या हातात आहे.

गाडीवर कर्णे आहेत, ॲम्प्लिफायर आहे. गाणं ऐकू येतं, पण छातीत ठोका लागत नाही. मला तो ठोका पाहिजे. केबिनच्या मागं हौद्यात अडीच फूट रुंद जागा मोकळी करून देतो. त्यात काय बसवायचं ते तू ठरव.

दुसरी गोष्ट, आमच्या मोनिकाचं लग्न पंचवीस मेला धरलंय. माझी एकुलती एक धाकटी बहीण, तेव्हा तुला चार दिवस आधी यावं लागेल. तुझी आक्का आत्तापासूनच 'माझा भीमा येणार' म्हणत घर डोक्यावर घेऊन बसली आहे.

तुझा,
जालिंदर दाजी


बेलापूर
१६ मार्च २०२५

आदरणीय दाजी,

सप्रेम जय भीम. तुमचं अक्षर छान आहे, आक्काच्या अक्षरापेक्षा तर कितीतरी. फोनबद्दल राग मानू नका. समोरून 'कोण बोलतंय?' असं विचारलं की मला नाव सांगावं लागतं, आणि नेमकं नावाचं पहिलंच अक्षर जिभेला चिकटून बसतं. मी ते सोडवतोय तोवर समोरचा 'बरं बरं, कळलं' म्हणून फोन ठेवून देतो. लाज वाटते, म्हणून लिहितो. मोबाईलवर अंगठ्यानं टाइप केलेलं मला लिहिल्यासारखं वाटत नाही.

तुम्ही बैठकीत माझं नाव घेतलंत हे वाचून मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. इतका आनंद मला झेपत नाही.

आता बॉक्सचं. स्पीकर बारा इंची घेतो. माझ्याकडं येणारी पोरं स्पीकरचंच नाव विचारत बसतात. ठोका बॉक्सच्या पोटातून येतो हे त्यांच्या गावी नसतं. अठरा एमएमची प्लाय लावतो. बाहेरून दोन फूट लांब, दीड फूट उंच, फूटभर खोल. पण बाहेरच्या मापावर काही नसतं, हिशेब आतल्या पोकळीचा. प्लायची जाडी गेली, स्पीकरच्या चुंबकानं खाल्लेली जागा गेली, मग उरतं ते खरं माप. ते मी बाजरी भरून बघतो. लिटरच्या मापानं बाजरी ओतायची आणि मोजायची. आई दारातून ओरडत होती, "मान्सं उपाशी ठिवून खोक्याला बाजरी चारतो व्हय रं?"

हा बॉक्स मी पोर्टेड करतो आहे. बंद बॉक्सपेक्षा त्याचा ठोका दांडगा असतो आणि लांबवर जातो. सगळी करामत पोर्टमध्ये आहे. किती रुंद, किती लांब, यावर ठोका कुठं पडणार ते ठरतं. मी पोर्ट आधी लांब ठेवतो आणि ऐकत ऐकत बोटबोट कापत आणतो. जागा सापडली की हात थांबतो.

तुम्हाला एकच विनंती. पोर्ट मोकळा ठेवावा. त्याच्यासमोर क्रेट, गोणी, सतरंजी काही येऊ देऊ नये. बाकी तुम्ही जाणतेच आहात.

बॉक्स जयंतीच्या आधी चार-पाच दिवस कांद्याच्या टेम्पोतून पाठवतो. मला स्वतः येता येणार नाही, बेलापूरच्या मिरवणुकीचा साउंड माझ्याच गळ्यात आहे. लग्नाला मात्र नक्की. आईनं लुगडं आत्ताच काढून उन्हात टाकलंय.

आपला,
भीमराज


मिरजगाव
११ एप्रिल २०२५

प्रिय भीमा,

बॉक्स काल दुपारी सुखरूप पोचला. हे नगरला मार्केटात गेले होते. टेम्पोवाल्यानं ओट्यावर उतरवला आणि मी, सासूबाई आणि शेजारची रतनबाई अशा तिघींनी मिळून गोणपाट सोडलं. काय देखणं काम केलंस रे! काळं कापड कसं अंगाबरोबर बसलंय, कुठं सुरकुती नाही. मी रोज शिलाई मशीनवर बसते, मला कापडातलं कळतं. छाती फुगली माझी.

सासूबाईंनी चारी बाजूंनी हात फिरवला. मग एका अंगाला येऊन थांबल्या आणि माझ्याकडं बघितलं. रतनबाईनं तोंडाला पदर लावला. जाऊ दे, तू मनावर घेऊ नकोस. जयंतीच्या गडबडीत एवढं तेवढं राहतंच. आपले आबा असते तर तुला ओरडले असते, मी नाही ओरडत.

तर ते जे राहून गेलं होतं ना, ते मी कालच्या कालच पुरं केलं. हे घरी यायच्या आत. असं केलंय की तुलासुद्धा ओळखू येणार नाही. ह्यांना पत्ता लागला नाही आणि मी सांगणारही नाही. सासूबाईंनाही शपथ घातली आहे. माहेरच्या कामाला नाव ठेवायला कुणाला जागाच ठेवली नाही बघ.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. लग्नाला येताना तिला गाडीत पुढच्या सीटवर बसव.

तुझी,
आक्का


मिरजगाव
१६ एप्रिल २०२५

भीमराज,

जय भीम. कसा आहेस वगैरे विचारायची माझी मनःस्थिती नाही.

आदल्या दिवशी अंगणात हळू आवाजात लावून बघितलं तेव्हा बरं वाटलं. मिरवणुकीला विहारापासून निघालो. पहिलं गाणं लावलं. कर्णे वाजतायत, आणि तुझा बॉक्स? नुसता कण्हतोय. ठोका कुठंच नाही. पोरं नाचायला पुढं आली आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. मी आवाज वाढवला. बाजूनं फर्र फर्र असं फडफडायला लागलं. पुंजाराम, आमचा कमिटीचा अध्यक्ष, गाडीला टेकून म्हणाला, "जालिंदर, पिकअपला सर्दी झाली का रं?" सगळी गल्ली हसली. मी आणखी वाढवला. चौकात पोचता पोचता जळका वास आला, बॉक्समधून धूर निघाला आणि सगळं गप्प. पुढं परत टाळ्याच. गेल्या वर्षी निदान साउंडवाला पळालेला तरी होता, यंदा माझाच माणूस होता.

माझं डोकं फिरलं. हातात माईक होता. मी सगळ्यांसमोर बोललो की माझ्या मेव्हण्यानं मला रद्दी माल दिला, सख्ख्या बहिणीच्या घरात असं कुणी करत नाही. बोललो ते बोललो. खोटं काय बोललो?

सगळ्यांना एकच गोष्ट आवडली, बॉक्सच्या उजव्या अंगाला निळ्या साटिनवर भरलेलं ते चक्र. पोरींनी त्याचे फोटो काढले. पण चक्रानं ठोका येत नाही.

बॉक्स पडवीत पालथा पडलाय. मोनिकाच्या लग्नाला कर्जतचा साउंड ठरवतो. चौकातले तेच लोक मांडवात असणार, ते तुला बघून परत तोंडं वाकडी करणार. तेव्हा तू आला नाहीस तरी चालेल. तुझ्या आईला मात्र पाठव.

तुझी आक्का तेव्हापासून नुसती भाकरी थापते आणि आत जाते.

जालिंदर


बेलापूर
२१ एप्रिल २०२५

आदरणीय दाजी,

जय भीम. तुमचं पत्र मी आईपासून लपवून ठेवलं आहे. तिचं लुगडं अजून दोरीवरच आहे.

ज्या वेळी इथं बेलापुरात मी साउंडवर उभा होतो आणि लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते, त्याच वेळी तिकडं तुमची मान खाली गेली होती. आता ती थाप आठवली तरी अंगावर काटा येतो. लोक दुकानात येतात तर मी आत जाऊन बसतो. वाटतं, ह्यांना मिरजगावची गोष्ट कळलेली आहे.

दाजी, मी बॉक्स पाठवण्याआधी वाजवून बघितला होता. खोटं वाटेल तुम्हाला, पण आईचे फळीवरचे डबे सरकत सरकत कडेला आले होते. मग तुमच्याकडं असं का झालं? मी हिशेब पुन्हा मांडला. पुन्हा पुन्हा मांडला. फर्र फर्र आवाज आला म्हणता, तिथंच माझी चूक असणार. पोर्ट मी चार इंची घेतला. आवाज खूप वाढवला की हवा त्यातून जोरात ये-जा करते, अरुंद असला की ती फरफरते. सहा इंची घ्यायला हवा होता. घरात वाजवताना कळलं नाही, उघड्यावर कळलं. म्हणजे जे काम मला येतं असं मी समजत होतो, तेच मला येत नाही.

तरी एक विचारतो, रागावू नका. पोर्ट मोकळा होता ना?

चौकात तुम्ही जे बोललात ते मी आक्काला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. माझी चूक तिच्या ताटात वाढू नका, एवढंच मागणं.

भीमराज


मिरजगाव
२५ एप्रिल २०२५

भीमराज,

जय भीम. आता दोष पोर्टवर ढकलू नकोस. पोर्ट मोकळाच होता. वायरी बसवून झाल्यावर मी स्वतः वाकून बघितलं. त्याच्यापुढं वीतभर सुद्धा काही येऊ दिलं नाही. आई सतरंजी ठेवायला आली तर तिलाही हाकललं. तू सांगितलेलं मी अक्षर न अक्षर पाळलं. बाकी तुझं तू बघ.

जालिंदर


बेलापूर
३० एप्रिल २०२५

प्रिय आक्का,

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे, वाचून झालं की कुणाला दाखवू नकोस.

दाजींचं उत्तर आलं. पोर्ट मोकळाच होता. म्हणजे राहिलं काय? माझा हिशेब. मी दुकानावरची 'बॉक्स बनवून मिळतील' ही पाटी उतरवली. राहात्याचा एक पोरगा जीप घेऊन आला होता, त्याला सांगितलं, आता मी फक्त मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. आईनं विचारलं तर म्हणालो, पाटीला रंग द्यायचाय. पाटी पलंगाखाली आहे.

लग्नाला मी येत नाही. दाजींनी नको म्हटलं म्हणून नाही, मलाच तोंड दाखवायची हिंमत नाही. कुणी विचारलं तर सांग, भीमाला ताप आला. माझ्यामुळं तुला खोटं बोलावं लागणार, तेवढं एकदा बोल.

मला एकाच गोष्टीचं कोडं पडलंय, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? बॉक्स इथं वाजला होता गं. उजव्या अंगाला ते जे गोल तोंड आहे ना, आतून पाइप बसवलेलं, त्याच्यासमोर मी हात धरला होता. प्रत्येक ठोक्याला आतली हवा हाताला ढकलून परत आत जात होती. बॉक्स त्या तोंडातूनच श्वास घेतो, आणि निम्मा ठोका तिथूनच बाहेर पडतो. त्यालाच पोर्ट म्हणतात. त्या दिवशी मी हात तसाच धरून उभा राहिलो होतो, कारण मला वाटलं हे आपल्याला जमलं. मिरजगावात जाऊन त्याचा श्वास का कोंडला, ते मला कळत नाही.

तू लिहिलं होतंस की माझं राहिलेलं काम पुरं केलंस. तळाला कापड नव्हतं, ते शिवलंस ना? ते राहिलं नव्हतं, खाली कुणी बघत नाही म्हणून मी लावलं नव्हतं. पण तुझे हात लागले ते बरंच झालं.

तुझा,
भीमा


मिरजगाव
४ मे २०२५

भीमा,

पोस्टमननं पत्र माझ्याच हातात दिलं. मशीनवर बसूनच वाचलं. गोल तोंडापर्यंत आले आणि पुढचं दिसेना.

मी तळाला हात लावलेला नाही रे. मी ते तोंड बुजवलं.

त्या दिवशी सासूबाई तिथंच येऊन थांबल्या होत्या. म्हणाल्या, "तुज्या भावानं खोक्याला हे काय ठिवलंय? झाकन द्यायचं इसरला काय? उंदीर शिरत्याल की आत." रतनबाई हसली. म्हणाली, "घाईचं काम दिसतंय." मला असं झालं की धरणी पोटात घेईल तर बरं. माझा भाऊ, पहिल्यांदा माझ्या सासरी त्याचं काम आलं आणि ते अर्धवट! मी गोधडीतला कापूस काढला, दाबून दाबून आत भरला. वर प्लायचा गोल तुकडा बसवला आणि त्याच्यावर निळं साटिन ताणून चक्र भरलं. ह्यांना वाटलं तू पाठवलंस, मी तसंच वाटू दिलं. तुझं नाव झाकायला गेले आणि तुझाच गळा आवळला.

हे सगळं मी तुला तेव्हाच सरळ लिहायला हवं होतं. पण तो शब्द कागदावर कसा लिहू, असं झालं. 'ते जे राहून गेलं' असं लिहिलं.

पत्र वाचून पडवीत गेले. बॉक्स सरळ केला. चक्राच्या कडेचा एकेक टाका उसवला. तुकडा काढायला गेले तर तो सैल होऊन हलत होता, फर्र फर्र तोच करत असणार. कापूस ओढून काढला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. भीमा, पाइपाची कड इतकी गुळगुळीत घासलेली होती की लहान लेकराच्या गालावरून हात फिरवल्यासारखं झालं. राहून गेलेलं काम कुणी असं घासतं का? त्या दिवशी मी एकदा हात घातला असता तरी मला कळलं असतं. मी हात घातला नाही, नुसती लाजले.

चौकात हे माईकवर बोलले तेव्हा मी बायकांत उभी होते. तुझं नाव निघालं आणि मी मान खाली घातली. तुझ्यासाठी एक शब्द बोलले नाही, कारण मलाही वाटलं की तुझंच चुकलं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. रोज ताट वाढताना तोंड उघडते आणि 'आणखी भाकरी?' विचारते. पण पाटी पलंगाखालून काढ. माझी शपथ आहे.

आक्का


बेलापूर
७ मे २०२५

आक्का,

तुझं पत्र वाचून मी आधी हसलो. इतका हसलो की आई बाहेर आली. मग रडलो. तेव्हा ती घाबरली. मग तिला सगळं सांगावंच लागलं. ती म्हणाली, "दोघं बी एकाच आईची हायत."

आता माझं ऐक. तुझी चूक नाहीच, माझी आहे, आणि ती हिशेबातली नाही. मला सांग, मी दाजींना 'पोर्ट' असं का लिहिलं? आमच्या दुकानात सगळे त्याला भोक म्हणतात. भोक पाड, भोक मोठं कर, दिवसभर तेच. पण पत्र लिहिताना वाटलं, दाजींना असा शब्द कसा लिहायचा? पत्र तुझ्या सासूबाई तुझ्याकडून वाचून घेणार, ऐकणाऱ्या बायका हसणार. शिवाय भ. शाळेत नाव सांगताना भ-भ-भ व्हायचं आणि वर्ग बाकं वाजवायचा. तोंडानं तर मी भ टाळतोच, त्या दिवशी हातानंही टाळला. मोठ्या माणसासारखं 'पोर्ट' लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो.

आणि दाजींचं शेवटचं पत्र काढून परत वाचलं. 'वायरी बसवून झाल्यावर मी स्वतः वाकून बघितलं.' आक्का, मोबाईलला चार्जिंगचा पोर्ट असतो ना, दाजींना वाटलं वायर जिथं खुपसतात तो पोर्ट! मागची लाल-काळ्या क्लिपांची पट्टी त्यांनी जिवापाड मोकळी ठेवली. बिचाऱ्यांनी खरंच अक्षर न अक्षर पाळलं.

तू लाजलीस, मी लाजलो, आणि बॉक्स गुदमरला.

पण दाजींना सांगू नकोस. तुला त्या घरात राहायचंय. मिरवणूक तुझ्यामुळं बिघडली असं एकदा निघालं की जन्मभर निघत राहील. मी लांब आहे, माझ्यावर राहू दे. लोक विसरतील. पाटी मी पलंगाखालून काढली आहे, तुझी शपथ पाळली. लग्नाचं मात्र आहे तसंच ठेव. भीमाला ताप आला.

तुझा,
भीमा


मिरजगाव
१३ मे २०२५

प्रिय भीमराज,

जय भीम. 'प्रिय' मी याआधी कुणालाच लिहिलेलं नाही, तुझ्या आक्काला सुद्धा नाही.

काल बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली. खीर वाटायची होती, सगळे बसलेले. तेवढ्यात तुझी आक्का, आमची जयमाला, उठून उभी राहिली. मला वाटलं पातेलं आणायला चालली. ती म्हणाली, "चौकात माज्या भावाचं नाव घेतलं हुतं, म्हनून समद्यांम्होरं सांगते. त्याच्या बॉक्सला भोक हुतं. ते तसंच पायजे हुतं. ते मी बुजवलं. त्याचा काय बी दोष न्हाई."

शब्द ऐकून बायकांत खुसखुस झाली. ती तशीच उभी राहिली. मान वर होती. मग आमची आई बसल्या जागेवरून म्हणाली, "उंदराचं मीच म्हनले हुते. मला बी धरा त्यात." रतनबाई उठून चपला शोधायला लागली. पुंजारामनं माझ्याकडं बघितलं, आणि त्या वेळी मला तुझ्या बॉक्समध्ये शिरून बसावंसं वाटलं.

घरी आल्यावर जयमालानं तुझी दोन्ही पत्रं पुढ्यात टाकली. वाचली. वायरीच्या पट्टीबद्दल तू बरोबर ओळखलंस. मी तिच्यापुढून सख्ख्या आईला हाकललं होतं रे. आई दोन दिवस रुसली होती. आणि एवढं करून, तुला विचारावं, गाडीत घालून बॉक्स तुझ्याकडं आणावा, उघडून बघावं, यातलं काही मला सुचलं नाही. माईक हातात होता तेवढा सुचला.

तू तिला लिहिलंस की दोष माझ्यावर राहू दे. ते वाचून मी ओट्यावर येऊन बसलो. मी तुला लग्नाला येऊ नकोस म्हणून लिहिलं होतं आणि तू माझं घर सांभाळत होतास. मला माफी मागता येत नाही, घरात कुणी शिकवली नाही. पण चौकात बोललो होतो, म्हणून आज सकाळी चौकातच पुंजारामच्या टपरीसमोर उभं राहून सांगितलं, की माझ्या मेव्हण्याचा माल खरा आहे आणि मी बेअक्कल आहे. दुसऱ्या भागावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं.

आणखी एक. तू फोनवर अडकायचास तेव्हा 'बरं बरं, कळलं' म्हणून फोन ठेवणाऱ्यांत मी पहिला. मला काय कळलेलं असायचं?

कर्जतच्या साउंडवाल्याला नको सांगितलंय. मोनिका म्हणते, वाजला तर भीमादादाचाच बॉक्स वाजेल नाहीतर मी टाळ्यांवर लग्न करते. बॉक्स उद्याच्या टेम्पोनं पाठवतोय. मी ब्रश घेऊन त्याच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलंय: 'हे भोक आहे. बुजवू नये.' अक्षराला हसू नकोस.

ये.

तुझा,
जालिंदर


बेलापूर
१८ मे २०२५

आदरणीय दाजी,

जय भीम. बॉक्स आला. तुमच्या अक्षराला मी हसलो नाही, आई हसली.

स्पीकरला नवी कॉइल भरून आणली. काल वाजवून बघितला. गोल तोंडासमोर हात धरला आणि हवा पूर्वीसारखीच हाताला येऊन लागली. पोकळी तीच, पाइप तोच, मी काहीही बदललेलं नाही. तुम्ही लिहिलेलंही पुसलं नाही. आक्काला सांगा, चक्र टाकू नकोस. मी बॉक्सच्या वरच्या फळीवर त्याला जागा करून ठेवली आहे, तिथं ते दिसेल आणि कशाच्या आड येणार नाही.

माफीचं राहू द्या. तुम्ही ती मागून टाकली आहे, मला उगाच अवघडल्यासारखं होतं.

आई आणि मी एकवीसला निघतो. लग्नात लोक मला विचारणारच, की तेव्हा काय झालं होतं आणि आता काय केलं. आत्तापर्यंत अशा वेळी मी वायरी बघायच्या निमित्तानं गाडीखाली शिरायचो. या वेळी शिरणार नाही. आक्का माझ्यासाठी सगळ्यांसमोर उभी राहिली, तिनं तो शब्द म्हटला. आता तो मला म्हणायचा आहे, माझ्या तोंडानं, आणि त्याच्या आधी माझं नाव.

तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. कुणी मधेच 'बरं बरं, कळलं' म्हणालं तर त्याला गप्प करा. तुम्हीही मला शब्द पुरवू नका. भ ला थोडा वेळ लागतो. तेवढं थांबा.

तुमचा मेव्हणा,
भीमराज